मागच्या अंगाची कौलं

आये, मी घर बघायला गेले होते. दचकू नकोस, स्थळाचं घर नव्हे. या वयात मला कोण स्थळ घेऊन येतोय! विकत घ्यायला बघत होते, माझ्या एकटीसाठी. मालवणहून कट्टा गावाकडे येताना रस्त्यापासून जरा आत, दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी, पुढे सारवलेलं अंगण, आपलं खळं. तू असतीस तर ना विहीर बघितली असतीस ना शेजार, खळ्यात पाऊल टाकायच्या आधी मान वर करून कौलं बघत उभी राहिली असतीस आणि घरमालक बिचारा हातात पाण्याचा तांब्या धरून ताटकळला असता. मीही तेच केलं. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, पण छपराच्या बाबतीत अजून तुझंच राज्य आहे. म्हणून तुलाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही, आणि भावाला तर मुळीच नाही.

नर्सच्या नोकरीभर मी सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. तू एकदाच आली होतीस तिथं, वरचा स्लॅब बघून म्हणालीस, "ह्या छप्पर न्हय गो, ह्या झाकान." असेना का! त्या झाकणाखाली मी राणी होते. दिवा कधी मालवायचा, आमटी किती तिखट करायची, सगळं माझ्या मनावर. निवृत्त झाले, क्वार्टर सोडली आणि ट्रंक घेऊन आपल्या घरी, तुझ्या धाकट्या लेकाकडे परत आले. माझी खाट माजघरात आहे. स्वयंपाकघरात जायचं तर माझ्या पायाशी वळसा घालून जावं लागतं, आणि घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर तो वळसा घालतं. भाऊ प्रेमळ आहे. भावजय तर वाईट म्हणता येणारच नाही, आणि तिथंच सगळं अडतं. वाईट असती तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. ती सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात वाढते, पाहुणीला वाढावी तशी. मी पाटा धुवायला घेतला की हातातून काढून घेते, "तुमी बसा, ताई, आयुष्यभर केलात तां पुरे." मी बसते. पायात चप्पल घातली की पडवीतून भाऊ विचारतो, "खंय चललंस?" पोस्टात म्हटलं तर, "कित्याक? झील जातलो मा!" मग त्याचा मुलगा मोटारसायकल काढतो आणि मी चप्पल काढते. ज्या बाईनं भरल्या वॉर्डात भल्याभल्या नातेवाइकांना बाहेर काढलं, तिला आता गल्लीच्या तोंडापर्यंत जायला कारण सांगावं लागतं. मला गुदमरतं, आये. कुणी गळा धरलेला नाही आणि तरी गुदमरतं, म्हणून तर कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

तर घर शोधायला लागले, गुपचूप. म्हणजे मला वाटलं गुपचूप. गावात कसलं आलंय गुपचूप! पण शोधायला लागल्यावर कळलं की माझे डोळे माझे नाहीतच. एक घर कुडाळच्या बाजूला, छान होतं, पण फणसाच्या फांद्या थेट छपरावर. पाला कौलांत कुजणार, वांदरांना उतरायला आयती वाट. नको. एकाला नवे कोरे निळे पत्रे. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस भाजतं आणि पावसात शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, हे तुझंच. नको. एकाचं आढं मधोमध म्हशीच्या पाठीसारखं खाली वाकलेलं. तेही नको. एजंट पोरगा वैतागला. म्हणाला, "सिस्टर, तुमका घर व्हया काय छप्पर व्हया?" मी म्हटलं, छप्पर बरं असलं की खाली घर आपोआप असतं. आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की हा आवाज तुझा आहे, ठसक्यासकट.

तुझं हे वेड आलं कुठून ते मला ठाऊक आहे. तुझ्या बापाशीनं तुला या घरात दिली तेव्हा शेत बघितलं, कलमं बघितली, नवऱ्याचे दात बघितले म्हणे, पण वर कुणी बघितलं नाही. त्याच आषाढात चुलीवर गळायला लागलं. तू डोक्यावर इरलं घेऊन घरातल्या घरात भाकऱ्या भाजल्यास, आणि सासू म्हणाली, "सगळ्यांचाच गळता, तुझा काय नवाल!" ते इरलं तुझ्या डोक्यातून कधी उतरलंच नाही. मग तू आपलं एक शास्त्रच केलंस. पोरीसाठी घर बघूचा तर दसऱ्यानंतर बघूचा, त्याच्या आधी नाय. का, तर चतुर्थीला गरीबसुद्धा भिंतींना रंग देतो, गणपतीपुढे कोण डाग दाखवणार? पण गणपती गेले की परतीचा पाऊस येतो, आणि गळक्या घरात त्या कोऱ्या रंगावर तपकिरी ओघळ उमटतात. दिवाळीच्या आत ते गाठायचे. "रंगार पाऊस काय लिवून गेलो तां आधी वाच, मगे न्हवऱ्याचा शिक्षण ईचार." आयाबाया हसायच्या तुला. माझ्या मैत्रिणींच्या आया मुलाचा पगार विचारायच्या, आणि माझी आई लोकांच्या घरी छपराच्या आडव्या भालाला, तुळईला, केसातला आकडा टोचून बघायची, वाळवी आहे की काय! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वालावलचं स्थळ आठवतं ना? विसरली असशील तर मी आठवण करून देते. मी नुकती नोकरीला लागले होते. मुलगा पोस्टात होता. नोकरीवाली मुलगी म्हणून मलाही घर बघायला बरोबर नेलं होतंत. पडवीत बाकावर बसलोय, काका शेतीच्या गोष्टी काढतायत, आणि तो स्वतः आतून सोलकढीचे पेले घेऊन येतो. बायकांच्या घोळक्यात एक पुरुष पेले घेऊन येतो याचंच मला केवढं वाटलं! मला विचारतो, रात्रपाळी असली की सकाळी परत यायला एसटी मिळते का. कुणी असं विचारलं नव्हतं मला. त्यानं मला कशी दिसते ते बघितलं नाही, मी परत कशी येणार ते विचारलं. तेवढ्यात तू "हात धुवान येतंय" म्हणत मागल्या दारी गेलीस. आलीस ती ओठ मिटूनच. परतताना एसटीत खिडकीकडे बघत एकदाच बोललीस, "पुढच्या अंगाक नवी कौलां, मागच्या अंगाक नुसता शेवाळ. दाखवणारी माणसां ती. तुका थंय दिवची नाय." मी म्हटलं, "आये, कौलं बदलता येतात." त्यावर तू चिडून म्हणालीस, "कौलां बदलतत, माणसां बदलनत नाय. तू न्हवऱ्याक बघीत रवलंस, मी घर बघलंय." पुढचा सगळा प्रवास मी तुझ्याशी बोलले नाही. तुला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, तू मांडीवरच्या पिशवीत हात घालून शेंगदाणे खात होतीस.

त्यानंतरही स्थळं आली आणि प्रत्येक घराच्या वर काही ना काही निघालं. मग यायची थांबली. पुष्कळ वर्षांनी पोलिओच्या डोसाला त्या वालावलच्या वाडीत माझी ड्युटी लागली. त्याच घरी गेले. त्याच्या नातवाच्या तोंडात मी थेंब घातले. त्यानं ओळखलं की नाही कळलं नाही. त्याच्या बायकोनं बसा म्हटलं, कोकमाचं सरबत दिलं. मी हात धुवायचं निमित्त करून मागल्या दारी गेले. हो, गेले! मागच्या अंगाला सगळे पत्रे चढले होते. आधी तिथं काय होतं ते कळायला काही मार्गच नव्हता. आता तू समोर नाहीस म्हणून विचारते, समोर असतीस तर धीर झाला नसता. तुला खरंच शेवाळ दिसलं होतं काय गो? का मी गेले असते तर त्या घरात तुझ्याशी दोन शब्द बोलायला कुणी उरलं नसतं, म्हणून दिसलं? बाबा तर बोलणाऱ्यांतले नव्हतेच. मला राग आहे, आये. खूप वर्षं दाबून धरलेला राग आहे, आणि तू मेलीस म्हणून तो मेला नाही.

आता या घराचं सांगते. मालक म्हातारा, एसटीत ड्रायव्हर होता. बायकोचे गुडघे गेलेत, म्हणून दोघं पुण्याला लेकाकडे जाणार. मी गेले ती मुद्दाम दसरा उलटल्यावर, दुपारची. म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे केली, मी बसलेच नाही. आधी घराला बाहेरून फेरी मारली. आढं सरळ, दोरी धरून ठेवल्यासारखं. मग खाली बघितलं. पागोळ्या पडून मातीत खळगे होतात ना, त्यांची रांग वाकडीतिकडी असली तर वर कौलांची ओळ सरकलेली असते, तुझंच शिकवणं. रांग सरळ होती. मागच्या अंगाला गेले तर म्हातारा काठी टेकत मागोमाग आला आणि हसला, "सिस्टर, तुमी पयल्याच गिराइक मागच्या दारी इललां. बाकीचे सगळे पुढून फोटो काढतत नि जातत." मागे शेवाळ नाही. चार-दोन कौलं नवी, लालभडक दिसत होती. वांदरांनी फोडलेली त्यानं लगेच बदलून घेतली होती आणि लपवलंही नाही, आपणहून बोट दाखवून सांगितलं. आत भिंतींवर चतुर्थीचा पिवळा रंग, त्यावर एक ओघळ नाही. मी स्टूल मागितलं. म्हातारी म्हणाली, "पडशात गो बाय!" पण मी चढले आणि जिथं जिथं हात पोचला तिथं तिथं वाशांना आकडा टोचला. होय, केसातलाच. आकडा आत जाईना. न्हाणीकडच्या कोपऱ्यात एक वासा जरा काळा वाटला, तोही टणटणीत निघाला, चुलीच्या धुरानं काळवंडलेला नुसता.

म्हातारा म्हणाला, एक होमस्टेवाला मागे लागलाय, पण त्याला द्यायचं मनात नाही. "तो कौलां काढून वर कायतरी काचेचा करतलो. माका हय रवणारा माणूस व्हया, सिस्टर. सांजचो दिवो लावणारा." माझ्याकडे त्यानं असं बघितलं की जणू दिवा माझ्या हातात आहेच. मग मी म्हटलं, आता तुम्ही दोघं खळ्यात बसा, मला दारं-खिडक्या लावून बघायचंय. भर दुपारी घर पुरतं बंद करून आत उभं राहिलं की छपराला जिथं भोक असेल तिथून उजेडाचा टिपका खाली पडतो. माझ्या सगळ्या घर-बघण्यातली ही शेवटची परीक्षा, आणि तिथपर्यंत याआधी एकही घर पोचलं नव्हतं. मी एकेक खिडकी लावली. पुढचं दार लावलं, मागचं लावलं, कडी घातली. स्वयंपाकघरातल्या काचेच्या कौलातून येणारा उजेड तेवढा दाराआड राहिला. मधल्या खोलीत अंधार. मी वर बघत उभी. एक टिपका नाही. डोळे अंधाराला सरावले तरी नाही. कौलांचा तो उन्हानं तापलेला मातीचा वास, आणि बाकी काही नाही. वांदर नाही, टीव्ही नाही, कुणाचं खोकणं नाही. मला वाटलं होतं मी आनंदानं रडेन. इथं माझी खाट, इथं माठ, इथं खिडकीशी खुर्ची, मनात सगळं मांडूनही झालं. आणि मग आठवलं, कडी मीच आतून घातलीय. मी बाहेर जाताना इथं मला कुणी विचारणार नाही, खंय चललंस. परत नाही आले तरी विचारणार नाही. मी ड्युटीवर असताना एकट्या बायकांना दवाखान्यात आणलेलं बघितलंय, शेजाऱ्यांना फार उशिरा कळलेल्या. पण तेवढंच होतं असंही नाही म्हणणार. मी वर बघत होते, वाशामागून वासा, कौलामागून कौल, आणि शोधत होते, जीव तोडून शोधत होते, की कुठेतरी काहीतरी वाईट असू दे. नव्हतं काही. तुझे डोळे, तुझा आकडा, तुझं सगळं शास्त्र लावून झालं आणि नको म्हणायला कारण सापडेना.

दार उघडून बाहेर आले. ऊन डोळ्यांवर आलं. म्हातारा उठून उभा राहिला. आणि मी त्याला सांगितलं, "वासे कुजलेत. न्हाणीकडचे. आतून पोकळ झालेत, मला जमणार नाही." अगदी नर्सच्या आवाजात, पेशंटला सांगतात तसं, शुद्ध मराठीत. म्हाताऱ्यानं वळून न्हाणीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "असा कसा? गेल्या वर्साच तर सुतारान बघलेल्यान." मी छत्री उचलली आणि वाटेला लागले. एसटी यायला वेळ होता, तरी रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहिले. घरी आल्यावर भाऊ पडवीतच होता. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, सांगितलं ना गावात गुपचूप काही नसतं. "काय झाला, ताई?" वासे कुजलेत, म्हटलं. त्याचा चेहरा असा खुलला, आये, मला त्याचा राग येईना आणि दयाही येईना. "मी म्हणी होतंय! आजकाल खंय रवलीहत तशी घरां! तुका हय काय कमी आसा?" संध्याकाळी त्यानं बाजारातून पापलेटं आणली. भावजयीनं मोठं माझ्या ताटात वाढलं. मी खाल्लं सगळं. चवही लागली.

दोन दिवसांनी म्हाताऱ्याचा फोन आला. तो बिचारा खरं मानून बसला होता. सुतार बोलावला, न्हाणीकडची कौलं उतरवून सगळे वासे उघडे करून बघितले त्यानं, या वयात, मी एक शब्द बोलले म्हणून. "सिस्टर, एक वासो कुजलो नाय. काळो दिसलो तो धुरान. कौलां अजून उतरवनच ठेवलंय, तुमी येवा आणि सवता हात लावून बघा. मगे काय तां ठरवा. तुमका दिवचा असा आमच्या मनात आसा." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बघते म्हटलं आणि ठेवला. त्यानंतर फोन येतोय आणि मी उचलत नाही. माजघरात तो वाजत असतो, सगळी वळसा घालून जातात. भावजय विचारते, "ताई, कोणाचो ओ?" मी म्हणते, कंपनीवाल्यांचा. भाऊ काहीच विचारत नाही. कौलं उतरवलेल्या घरात ती दोन म्हातारी माणसं माझी वाट बघत बसलीत हे मला झोपू देत नाही. आणि परत जाऊन म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत काय सांगू? की वासे धड आहेत, मीच धड नाही?

हे तुला पाठवायची सोय नाही ते बरं. असती तरी मी पाठवलं नसतं. तू वाचून म्हणाली असतीस, शेवटी माझीच पोर, घर काय असल्यातसल्याक पसंत करूची नाय! आणि हसली असतीस. ते हसणं मला आत्ता सोसलं नसतं. कागदावर तुला एवढं सगळं सुनावलं खरं, पण एक गोष्ट अजून सांगायची राहिलीय. काल मी देवीच्या देवळात गेले. भावाला सांगून गेले, त्यानं झिलाला सोडायला पाठवलं. मी हात जोडून मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. आधी वाटलं होतं, बळ दे म्हणेन, तिथं जाऊन राहायचं बळ दे. ओठ हलवले तेव्हा निघालं ते वेगळंच. त्या होमस्टेवाल्याला तरी ते घर लवकर घेऊ दे, म्हटलं, बाई, म्हणजे मी सुटले.